२४ पॉवरला झकास, पण १२ ला काय? एफएफपी दुर्बिणीची रावेरच्या उन्हात परीक्षा

केळीबाग (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

गेले तीन आठवडे माझ्याकडे एक पाहुणी मुक्कामाला आहे. ६-२४×५० ची (६ ते २४ पट झूम, पुढचं भिंग ५० मिमी) फर्स्ट फोकल प्लेन, म्हणजे एफएफपी दुर्बीण, ३० मिमीची नळी, ०.१ मिलचे क्लिक (मिल हे कोनाचं माप), पॅरॅलॅक्सचं चाक डाव्या बाजूला, दहा यार्डांपासून पुढे. पुण्याच्या मित्राची आहे, विकायला काढलीय. अठ्ठावीस हजार म्हणतोय. "आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येईन तेव्हा पैसे दे, नाहीतर दुर्बीण दे," असा सौदा. म्हणजे माझ्या हातात अजून बारा-तेरा दिवस आहेत.

बंदूक देशी बनावटीची ४.५ मिमी पीसीपी, म्हणजे आधी दाबाची हवा भरून ठेवायची एअर रायफल. छर्रा ८.४४ ग्रेनचा, वेग सेकंदाला २४० मीटरच्या आसपास. शेतात विहिरीच्या गाळाचा जुना ढीग आहे, त्याच्यापुढे वाळूच्या गोण्या रचल्यात, ५० मीटरचा सरळ पट्टा मिळतो. कागदावर मारतो आणि २५ ते ५० मीटरमध्ये टांगलेल्या लोखंडी पट्ट्यांवर. पलीकडे कोणाचं शेत नाही, रस्ता नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. दुर्बिणीच्या आत जी फुली आणि खुणा दिसतात ती रेटिकल. एफएफपीमध्ये ती झूमच्या भिंगांच्या पुढे बसवलेली असते, म्हणून झूम वाढवलं की चित्राबरोबर खुणाही फुगतात. एसएफपीमध्ये (सेकंड फोकल प्लेन) ती झूमच्या मागे, डोळ्याकडे. चित्र फुगतं, खुणा तेवढ्याच राहतात. मी असं लक्षात ठेवतो: एफएफपी म्हणजे लक्ष्याला चिकटवलेली फुटपट्टी, एसएफपी म्हणजे चष्म्याच्या काचेवर काढलेली. पहिलीचा एक मिल कुठल्याही झूमवर एक मिलच. दुसरीचा एक मिल एकाच झूमवर खरा, बहुधा सगळ्यात वरच्या.

आता परीक्षा. लाकडी फळीवर ओळंबा सोडून उभी रेघ मारली, सेंटिमीटरच्या खुणा केल्या, फळी ५० मीटरवर रोवली. बंदूक गोण्यांमध्ये घट्ट दाबली, गोळी न मारता नुसतं बघायचं. ५० मीटरला १ मिल म्हणजे ५ सेंटिमीटर, म्हणजे टरेट (क्लिकची गुंडी) १० मिल फिरवला की फुली बरोब्बर ५० सेंटिमीटर सरकायला हवी. सरकली ५०.६. तीनदा केलं, तीनदा तेच.

सहा मिलिमीटर म्हणजे सव्वा टक्का चूक. अठ्ठावीस हजारांच्या मालात ही चालवून घ्यायची का?

---

लळिंगचा वारा (धुळे) | सोमवार, १०:०५

वाचनखूण साठवली. ओळंब्याची कल्पना आवडली, आमच्याकडे लोक दुर्बीण बसवतात आणि नजरेनंच "सरळ आहे" म्हणतात.

पण मूळ प्रश्न वेगळाच विचारतो. कागदावरच मारायचं तर एफएफपी हवीच कशाला? तुझ्या रेटिकलचा मधला ठिपका किती मिलचा आहे?

---

केळीबाग | सोमवार, १०:११

०.०५ मिल, पुस्तिकेत लिहिलंय.

---

लळिंगचा वारा | सोमवार, १०:२६

मग हिशोब कर. ५० मीटरला तो ठिपका अडीच मिलिमीटर झाकतो. ५० मीटर रायफलच्या कागदावर दहाचं वर्तुळ १०.४ मिमीचं, तिथे ठीक. पण १० मीटरला तोच ठिपका अर्धा मिलिमीटर, आणि १० मीटर एअर रायफलच्या कागदावर दहाचा टिंबही अर्ध्या मिलिमीटरचाच! म्हणजे ज्याला मारायचं तेच झाकलं गेलं. एफएफपीत झूम कितीही वाढव, हा ठिपका तेवढीच जागा झाकणार. एसएफपीत झूम वाढवलं की तो लक्ष्यावर बारीक होत जातो. टेबलावर बंदूक ठेवून एकाच अंतरावर मारणारे लोक एसएफपीच धरून बसतात, ते उगाच नाही.

---

वरणगावकर | मंगळवार, सकाळी ६:१५

मी वरणगावच्या आयुध निर्माणीत तपासणी विभागात नोकरी करून निवृत्त झालो. तिथे आम्ही छोट्या शस्त्रांच्या गोळ्या बनवायचो, दुर्बिणी नाही. पण मोजमापाच्या भांडणात आयुष्य गेलं, म्हणून दोन प्रश्न.

१. ५० मीटर मोजताना टेपचं शून्य कुठे धरलं होतं?
२. टरेट १० मिल फिरवल्यावर फुली ५०.६ सरकली. पण टरेटला हात न लावता, रेटिकलवरच्या १० मिलच्या खुणेनं फळीवर किती सेंटिमीटर झाकले?

उत्तर आल्यावर बोलू. तोवर दुर्बिणीला नावं ठेवू नये.

---

भुसावळ जंक्शन | मंगळवार, ८:५०

काका आले, आता मजा.

माझाही एक अनुभव, अवांतर वाटलं तर उडवा. तीन वर्षांपूर्वी स्प्रिंगच्या एअर रायफलवर एका ऑनलाइन दुकानातून घेतलेली स्वस्त दुर्बीण लावली. दुकानाचं नाव घेत नाही. दोनशे छर्‍यांत फुली तिरकी झाली, मग आत काहीतरी खुळखुळायला लागलं. फोन केला तर म्हणे, "तुम्ही पाडली असेल." नंतर कळलं, स्प्रिंगची बंदूक आधी मागे झटका देते आणि पिस्टन पुढे जाऊन आपटला की पुढे झटका देते. साध्या दुर्बिणी मागचा झटका सोसतात, पुढचा नाही. बंदूक मोठी नाही म्हणून दुर्बीण कुठलीही चालेल, हा समज मला साडेचार हजारांना पडला.

केळीबागभाऊंची पीसीपी आहे, त्यांना ही भीती नाही. पण वाचणार्‍यांत स्प्रिंगवाले जास्त असतील, त्यांनी "स्प्रिंगरला चालते" असं लिहिलेलं बघूनच घ्यावी. आणि ११ मिमीच्या डव्हटेलवर (बंदुकीवरची दुर्बीण बसवायची खाच) माउंट मागे सरकत जातो, त्याला खिळीचा अडथळा हवा.

---

केळीबाग | मंगळवार, दुपारी १:३०

काका, टेपचं शून्य बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी धरलं होतं. छर्रा तिथूनच निघतो ना?

रेटिकलच्या १० मिलच्या खुणेनं पण ५०.६ च झाकले. हे काल लिहायचं राहिलं. म्हणजे रेटिकलही चुकीचं?

---

वरणगावकर | मंगळवार, १:५२

छर्रा तिथून निघतो, पण कोन तिथून निघत नाही. कोन मोजतेय दुर्बीण. नळीच्या तोंडापासून टरेटपर्यंत टेप लावा आणि आकडा सांगा.

---

केळीबाग | मंगळवार, २:०४

६० सेंटिमीटर.

काका, दंडवत.

---

अमळनेरी | मंगळवार, २:१५

मला कोणी समजावून सांगेल का?

---

वरणगावकर | मंगळवार, २:४०

सांगतो. दुर्बीण फळीपासून ५० नव्हे, ५०.६ मीटरवर होती. ५०.६ मीटरला १० मिल म्हणजे ५०.६ सेंटिमीटर. दुर्बीण बरोबर, टेप चुकीच्या जागी.

ओळखायची खूण अशी. टरेट आणि रेटिकल दोघंही एकच आकडा सांगत असतील, तर बहुतेक वेळा अंतर चुकलंय. दोघांचं आपसांत पटत नसेल, तर दुर्बिणीत खोट. हे भांडण लावण्यासाठी एफएफपी सोयीची, कारण तिच्यात रेटिकलची साक्ष कुठल्याही झूमवर घेता येते. आता २४, १८, १२ आणि ६ वर तीच फळी बघा. प्रत्येक वेळी १० मिलनं तेवढंच झाकलं पाहिजे. झाकलं नाही तर ती नावापुरती एफएफपी.

---

मेहरुणची आई | मंगळवार, रात्री ८:२०

मी इथे नवीन आहे. माझी मुलगी जळगावात १० मीटर एअर रायफलचा सराव करते, बारा वर्षांची आहे. तिला अशी दुर्बीण घेऊन दिली तर निशाणा लवकर सुधारेल का? तिचे प्रशिक्षक सुट्टीवर आहेत.

---

भुसावळ जंक्शन | मंगळवार, ८:३४

ताई, मुळीच घेऊ नका. ऑलिंपिकच्या १० मीटर आणि ५० मीटर रायफलमध्ये भिंगाची दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाची पीप साइट, पुढे कडी, बस. धावत्या लक्ष्याचा १० मीटरचा एक प्रकार आहे, तिथे चार पॉवरपर्यंतची चालते. तो वेगळा खेळ.

आपल्या मध्य रेल्वेच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य आणलं, तेही पीप साइटवरच. (रेल्वे कॉलनीत त्या दिवशी आम्ही पेढे वाटले होते, म्हणून मुद्दाम "आपल्या" लिहिलं.) ते पैसे मुलीच्या जॅकेटला आणि चांगल्या छर्‍यांना लावा.

---

मेहरुणची आई | मंगळवार, ८:४१

बरं झालं विचारलं. धन्यवाद दादा.

---

नवाखेळाडू | मंगळवार, ११:१०

केळीच्या बागेत रानडुकरं फार आलीत. ही दुर्बीण लावून रात्री जमेल का? आणि परवाना लागतो का?

---

केळीबाग | मंगळवार, ११:१८

नाही जमणार, आणि जमवूही नका. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडे अर्ज करायचा. ४.५ च्या छर्‍यानं डुक्कर मरत नाही, जखमी होऊन बांधावरच्या बाईच्या अंगावर जातं. या धाग्यावर फक्त कागद आणि लोखंड.

परवान्याचं: २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतची एअर गन विनापरवाना चालते. माझी पावणेसोळा ज्यूलच्या आसपास भरते.

---

सातपुडा पायथा (शिरपूर) | बुधवार, ७:०५

भो, माले अर्धं समजनं नही, पन वाचाले मजा उनी. चालू द्या.

---

केळीबाग | शुक्रवार, रात्री १०:३०

काकांनी सांगितल्याप्रमाणे सगळं पुन्हा केलं. या वेळी टरेटपासून मोजलं, टेपही स्टीलची आणली. क्रमानं नाही, आठवेल तसं लिहितो.

टरेट आणि रेटिकल: १० मिलला ५०.० सेंटिमीटर, चारही झूमवर. इथे तक्रार नाही.

चौकोन: २५ मीटरवर पाच छर्रे शून्यावर, मग वर ४ मिल, उजवीकडे ४, खाली ४, डावीकडे ४. दर थांब्यावर पाच छर्रे, शेवटचे पाच पुन्हा मूळ जागी. दहा सेंटिमीटरचा चौकोन यायला हवा, आला. शेवटचा पुंजका पहिल्यावरच बसला. हे सकाळी सहा ते सात, केळीचं पानही हलत नव्हतं तेव्हा.

पॅरॅलॅक्स: आधी डोळ्याकडची कडी फिरवून पांढर्‍या भिंतीवर रेटिकल टोकदार करून घेतलं. हे न करता लोक थेट बाजूचं चाक फिरवतात आणि दुर्बिणीला शिव्या देतात. मग बंदूक दाबून डोकं वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायचं. फुली कागदावर तरंगली तर पॅरॅलॅक्स आहे. १० मीटरलाही ती जागची हलली नाही. फक्त चाकावरचे आकडे खोटे. माझ्या २५ मीटरला चाक २२ च्या आसपास थांबतं. मी पांढरा टेप चिकटवून स्वतःच्या खुणा करणार.

उजेड: संध्याकाळी पावणेसातला २४ वर चित्र काळवंडतं. ५० मिमीचं भिंग भागिले २४ म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत जेमतेम २.१ मिमी. दहावर आणलं की तोच ५ मिमी, लगेच उजळतं. रेटिकलचा लाल दिवा मात्र दिवसा दिसतच नाही. आपल्या उन्हात तो दिवा म्हणजे लग्नाच्या मांडवात भरदुपारी लावलेली माळ.

आणि आता खरी गोष्ट. गुरुवारी मुद्दाम सकाळी अकरा वाजता बसलो. पारा बेचाळीसच्या वर. २४ वर ५० मीटरचा कागद पाण्यात पडल्यासारखा लहरत होता. वर्तुळं एकमेकांत मिसळत होती, ठिपका कुठे ठेवायचा तेच कळेना. १८ वर जरा बरं. १२ वर कागद शांत झाला. म्हणजे शांत नाही झाला, झळा तेवढ्याच होत्या. मी त्या भिंगातून मोठ्या करून बघायचं थांबवलं.

माझा झीरो २५ मीटरला आहे, म्हणजे तिथे छर्रा बरोबर फुलीवर लागतो. ५० ला छर्रा साधारण पावणेदोन मिल खाली पडतो. २४ वर १.७ मिलची खूण धरून मारत होतो, १२ वर आणली आणि तीच १.७ ची खूण धरली. पट्टी टण्ण वाजली. काही आठवावं लागलं नाही, काही गुणावं लागलं नाही. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला कळलं की एफएफपीचे पैसे कशाचे.

---

अमळनेरी | शुक्रवार, १०:४८

हे वाचून माझं जुनं दुखणं वर आलं. माझी एसएफपी, २४ वर खरी. मागच्या मे महिन्यात झळांमुळे १२ वर आणली आणि सवयीनं १.७ ची खूण धरली. छर्रा पट्टीच्या वरून गेला. पुन्हा मारला, पुन्हा वरून. मला वाटलं बंदुकीतला हवेचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर बिघडला. दोन दिवस बंदूक खोलून बसलो!

नंतर ट्यूब पेटली. अर्ध्या झूमवर खुणेची किंमत दुप्पट होते. मी १.७ समजून ३.४ मिल धरत होतो, म्हणजे ५० मीटरला साडेआठ सेंटिमीटर वर.

---

लळिंगचा वारा | शुक्रवार, ११:०२

मान्य. टांगलेल्या पट्ट्या, बदलती अंतरं, त्यात आपलं ऊन, तिथे एफएफपी. एकच अंतर, कागद, सकाळची वेळ, तिथे माझी एसएफपी. आणि एसएफपीवाल्यानं टरेट फिरवून मारलं तर अमळनेरीभाऊंसारखं होत नाही, कारण क्लिक झूमवर अवलंबून नसतात. खुणा धरून मारणार्‍यालाच हा फास आहे.

पण ६ पॉवरचं काय? ते लिहिलं नाहीस.

---

केळीबाग | शुक्रवार, ११:०९

पकडलंस. ६ वर काळ्या वर्तुळावर फुली दिसतच नाही. बाहेरचे जाड दांडे दिसतात, मधलं सगळं गायब. मला वाटलं माझे डोळे गेले.

---

वरणगावकर | शनिवार, सकाळी ५:५५

डोळे ठीक आहेत. ०.०५ मिलचा ठिपका सहापट मोठा होऊन डोळ्याला ०.३ मिलचा दिसतो. तो कोन अंशाच्या साठाव्या भागाएवढा. चांगल्या नजरेची हद्द साधारण तिथेच संपते. काळ्यावर काळा असेल तर त्याआधीच संपते. २४ वर तोच ठिपका चौपट, म्हणून ठळक.

यावरून माझं मत असं. तुम्ही ६ वर मारू शकत नाही, कारण रेटिकल दिसत नाही. सकाळी नऊ-दहा वाजल्यानंतर २४ वर मारू शकत नाही, कारण झळा. मग तुम्ही अठ्ठावीस हजार १० ते १६ पॉवरचे देताय. दुर्बीण त्या टप्प्यात जोखा. २४ वरचं देखणं चित्र बघून सौदा करू नका. दुकानात सगळे तेच दाखवतात, एसीच्या गारव्यात, समोरच्या इमारतीची पाटी.

४-१६ ची एफएफपी का बघत नाही?

---

भुसावळ जंक्शन | शनिवार, ९:१२

काकांना +१. पण काका, हिवाळ्यात रावेरला पहाटे ८-९ अंश असतं, तेव्हा झळा नसतात. तेव्हा २४ कामाला येईल की.

---

वरणगावकर | शनिवार, ९:३०

येईल. वर्षातले किती दिवस, तेवढं मोजा.

---

केळीबाग | शनिवार, १०:४५

सकाळपासून हाच हिशोब करत होतो. फेब्रुवारीच्या शेवटापासून जूनपर्यंत झळा, पावसाळ्यात चिखल आणि केळीची कामं. २४ वापरायला नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी उरतात. पण १२ वर तिनं जे केलं ते विसरवत नाही.

मित्राला फोन केला. "चोवीस पॉवर माझ्या उपयोगाची नाही, बावीस हजारांत दे," म्हटलं. तो हसला. मग म्हणाला, "आखाजीला येतो, सांजोर्‍या खाऊन बोलू." म्हणजे चोवीस हजारांना सौदा तुटेल असं वाटतंय.

लळिंगभाऊ, तुमच्या ओळखीत कोणाकडे ४-१६ एफएफपी आहे का? अर्धा दिवस शेजारी शेजारी लावून बघायची आहे, अकरा वाजता.

---

लळिंगचा वारा | शनिवार, ११:०३

माझ्या भावाकडे आहे. पुढच्या रविवारी घेऊन येतो. भरताची वांगी बामणोदचीच हवीत, आणि कळण्याची भाकरी. ही अट आहे, विनंती नाही.

---

केळीबाग | शनिवार, ११:०५

मंजूर. काका, तुम्ही पण या. टेप तुम्हीच धरायची.

---

वरणगावकर | शनिवार, ११:२०

येतो. दुर्बीण धरणार्‍या रिंगा कुठल्या उंचीच्या आहेत ते आत्ताच कळवा. ४-१६ चं पुढचं भिंग ४४ चं निघालं तर दोन्ही दुर्बिणी नळीपासून सारख्या उंचीवर बसणार नाहीत, आणि मग तुमची १.७ ची खूण दोघींना सारखी लागू पडणार नाही.

---

केळीबाग | शनिवार, ११:२४

मध्यम उंचीच्या, ३० मिमी. मोजून सांगतो, थांबा.